सहा घरभेटी, झोळीचा काटा आणि आमची धांदल

आमची मुलगी तीन दिवसांची असताना तिला घेऊन रिक्षात आधी कोणी बसावे आणि बसताना तिची मान कोणी धरावी, या प्रश्नावर मी आणि माझी पत्नी सांगलीतील दवाखान्याच्या दारात चांगली पाच मिनिटे बोलत उभे होतो. रिक्षावाल्याने शेवटी इंजिन बंद केले. मी एका पतसंस्थेत हिशेब पाहतो, पत्नी विज्ञानाची पदवीधर आहे आणि लग्नापूर्वी शिकवण्या घेत असे. म्हणजे वाचता न येणारी किंवा विचारायला लाजणारी माणसे आम्ही नाही. तरीही त्या दिवशी एक हात मानेखाली आणि एक हात कुल्ल्याखाली, इतकी साधी गोष्ट आम्हा दोघांपैकी एकालाही खात्रीने सांगता येत नव्हती.

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, चाळीस दिवस आई आणि आजी यांच्या देखरेखीखाली मुलीने निवांत पडून राहावे, आणि बापाने बारशाला टोपी घालून हजर व्हावे, ही आमच्या तासगाव तालुक्यातील रीत. ती आमच्या वाट्याला आली नाही. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि माझी आई हयात नाही. गावातील आत्या दहा दिवस येऊन राहिली, तिच्याविषयी पुढे लिहिणारच आहे. बाकी घरात आम्ही दोघे आणि ते बाळ. त्यामुळे ज्या सेवेचे हे परीक्षण आहे ती आमच्यासाठी सोय नव्हती, गरज होती, आणि हे लक्षात घेऊनच माझ्या कौतुकाचे वजन वाचकांनी ठरवावे.

ही सेवा म्हणजे गावातील आशा स्वयंसेविकेने बाळ बेचाळीस दिवसांचे होईपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येऊन केलेली तपासणी आणि शिकवण. आरोग्य खात्यातील सगळे तिला एचबीएनसी, म्हणजे 'होम बेस्ड न्यूबॉर्न केअर' (नवजात बाळाची घरी येऊन घेतलेली काळजी), म्हणतात. गावात मात्र 'आशाताई येऊन गेल्या का' एवढेच विचारले जाते.

तिच्याकडे वळण्यापूर्वी आम्ही पैसे मोजून काय घेतले होते तेही सांगितले पाहिजे, कारण तुलना त्याच्याशीच होणार. सातव्या महिन्यात आम्ही सांगली शहरातील एका गर्भसंस्कार व पालकवर्गाला नाव घातले होते. चार रविवार, तीन हजार रुपये, वातानुकूलित खोली. श्वासाचे व्यायाम, आहार, प्रसूतीच्या कळा कशा ओळखाव्यात, हे सर्व त्यांनी नीट शिकवले आणि प्रसूतीच्या वेळी पत्नीला त्याचा उपयोगही झाला. नवजात बाळासाठी मात्र शेवटच्या रविवारचा शेवटचा अर्धा तास होता आणि त्यासाठी रबराची एक बाहुली. त्या बाहुलीला मी तीनदा लंगोट बांधला आणि तिन्ही वेळा शाबासकी मिळवली. बाहुली पाय झाडत नाही, लंगोट बांधता बांधता शू करत नाही आणि रात्री अडीच वाजता निळी-जांभळी होईपर्यंत रडत नाही, ही उणीव त्या वर्गाची म्हणावी की बाहुलीची, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दवाखान्यातून निघताना आमच्या हाती लशींच्या तारखा आणि औषधांची चिठ्ठी पडली. पहिल्या रात्री दूध उतरले नाही म्हणून कोणीतरी पावडरचे दूध बाटलीने पाजले होते, आणि तोच डबा घरी न्यावा असे आम्हाला सुचवण्यात आले. अशा दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला नंतर कळले. तेव्हा मी तो डबा मुकाट्याने विकत घेतला.

त्याच संध्याकाळी आशाताई आल्या. प्रसूती खासगी दवाखान्यात झालेली असल्यामुळे त्या येतील अशी माझी कल्पनाच नव्हती. मला वाटे, सरकारी दवाखान्यात नाव असेल त्यांच्यासाठीच हे असावे. तसे नाही. बाळ कोठेही जन्मलेले असो, गावात आले की ते आशाताईंच्या यादीत येते. दवाखान्यात साधी प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी असतात. सिझेरियन होऊन आई उशिरा घरी आली तर सातव्या दिवसापासून पाच. आणि घरीच जन्म झाला असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. देशभर ही पद्धत २०११ पासून लागू झाली. तिचे मूळ मात्र आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने एकोणचाळीस गावांतील बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि त्या गावांतील नवजातांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दवाखाना लांब आणि डॉक्टर त्याहून लांब अशा जंगलातील गावांसाठी जे उभे राहिले, ते द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेडांच्या आमच्या सुखवस्तू गावात उपयोगी पडेल का, अशी शंका माझ्याही मनात होती.

पहिली भेट तासाहून जास्त चालली. आशाताईंनी पिशवी ठेवली, घड्याळ काढून बाजूला ठेवले आणि मोरीवर जाऊन कोपरापासून हात धुतले. मग मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही पण धुवा, पण टॉवेलला पुसू नका, हवेवर वाळू द्या." त्यांनी बाळाला उचलले नाही. पत्नीला उचलायला लावले आणि मान कशी धरायची ते तिच्याच हाताखाली आपला हात ठेवून दाखवले. पुढच्या पाचही भेटींत त्यांची रीत हीच राहिली. करून दाखवण्यापेक्षा करवून घेण्यावर त्यांचा भर असे, आणि चुकले तर त्या हसत नसत. आमच्यासारख्या माणसांना त्या न हसण्याचे मोल किती असते, ते ज्याने मोरीसमोर उभे राहून तीन दिवसांचे बाळ धुवायचा प्रयत्न केला आहे त्यालाच कळेल.

मग त्यांनी बाळाचा झबला वर करून घड्याळ समोर धरले आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. बेचाळीस भरले. आदल्या दिवशी दवाखान्यात बाळाचा श्वास मध्येच चार-पाच सेकंद थांबतो आणि मग भराभर चालतो, हे पाहून माझ्या पोटात गोळा आला होता आणि ते मी कोणाला बोललोही नव्हतो. आशाताईंनी न विचारताच सांगितले की नवजात बाळाचा श्वास असाच लहरी असतो, म्हणून अर्धे मिनिट मोजून दुप्पट करायचे नाही, पूर्ण मिनिटच मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजायचे, पुन्हा तेवढेच आले किंवा छाती आत ओढली जात असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. त्या रात्री मी सात वेळा श्वास मोजले. पत्नीने दुसऱ्या दिवशी घड्याळ लपवून ठेवले, ही गोष्ट वेगळी.

काखेत लावलेल्या तापमापकाने ९७.२ अंश फॅरनहाइट दाखवले. बाळाचे तापमान ९७.७ ते ९९.५ असावे लागते. म्हणजे दुपटे, कुंची, वर शाल, असे सगळे गुंडाळूनही आमचे बाळ किंचित गार पडले होते. कार्तिकातील थंडी होती आणि आम्ही पाळणा खिडकीजवळ ठेवला होता. पाळणा हलवला गेला. पत्नीने बाळाला उघड्या छातीवर घेऊन वरून पांघरूण घ्यावे असे आशाताईंनी सांगितले आणि मला बाहेर जायला सांगितले. पाऊण तासाने पुन्हा तापमापक लावला तेव्हा आकडा ९८.१ होता. एवढ्या साध्या उपायाने एवढा फरक पडतो हे मी दाराबाहेर उभा राहून ऐकले, पाहिले नाही.

शेवटी काटा. कापडाची झोळी, वर स्प्रिंगचा काटा, खाली आमची मुलगी. जन्माच्या वेळी २,७५० ग्रॅम, आज २,५५०. दोनशे ग्रॅम कमी. पत्नीचा चेहरा उतरला आणि मी त्या पावडरच्या डब्याकडे पाहिले. आशाताईंनी माझी नजर ओळखली असावी. त्या म्हणाल्या, पहिल्या तीन-चार दिवसांत वजन थोडे उतरतेच, शंभर ग्रॅमला सात ग्रॅमपर्यंत उतरले तर घाबरायचे नसते, दहाच्या वर गेले तर बोलायचे. दहा ते चौदा दिवसांत जन्माचे वजन परत आले पाहिजे. मी हिशेबाचा माणूस आहे, मनात भागाकार केला: सातला थोडे वर. मग त्यांनी शू किती वेळा झाली ते विचारले. आम्हाला माहीत नव्हते. त्यांनी दिनदर्शिकेवर रोज रेघा ओढायला सांगितल्या. पाचव्या दिवसापासून सहा किंवा अधिक रेघा पडत असतील तर दूध पुरते आहे असे समजायचे. तो कागद मी जपून ठेवला आहे. चौथ्या दिवसाच्या चौकोनात चार रेघा आहेत, पाचव्याच्या पाच, सहाव्याच्या आठ, आणि त्या आठ रेघांपैकी शेवटच्या तीन पत्नीने लाल पेनाने ओढलेल्या आहेत.

नव्या आईबापांचे अज्ञान दूर करायला आजकाल माहितीची कमतरता नाही. फोन उघडला की हजार जण सांगायला बसलेले असतात. आमची अडचण निराळी होती. समोर जे घडते आहे ते नेहमीचे आहे की भीतीचे, हे आम्हाला कळत नव्हते, आणि फोनला आमचे बाळ दिसत नव्हते. शिंका येतात, हात-पाय अचानक दचकतात, पहिली शी डांबरासारखी काळी आणि मग मोहरीसारखी पिवळी, मुलीच्या जागेतून पांढरा स्राव आणि एकदा तर रक्ताचा ठिपका, छातीला हात लावावा तर गाठ लागते. यातील प्रत्येक गोष्टीला आम्ही एकेक रात्र घालवली. आशाताईंनी त्या यादीतील एकेक गोष्ट 'हे होतंच असतंय' म्हणून खोडली आणि एक गोष्ट खोडली नाही. तिच्याविषयी लिहितोच.

त्याआधी दूध. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पत्नीला दूध भरून आले, छाती दगडासारखी झाली, बाळाला तोंडात धरता येईना आणि दोघीही रडू लागल्या. दुसऱ्या भेटीचा दिवस अजून यायचा होता. मी फोन केला, आणि कोणत्याही यादीत नसलेली ती भेट आशाताईंनी भाकरी-कालवण आटोपून रात्री आठला दिली. कोमट पाण्याचा शेक, हाताने थोडे दूध पिळून काढून बोंडाभोवतीचा भाग मऊ करणे, आणि बाळाचे पोट आईच्या पोटाला लागेल असे तिला वळवून, नुसते बोंड नव्हे तर भोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असे धरणे, एवढेच त्यांनी केले. बाळाच्या हनुवटीचा स्पर्श छातीला होतो आहे का आणि गिळण्याचा आवाज येतो आहे का, हे पाहायला त्यांनी शिकवले. तेही मी पडद्याआडून ऐकले. पावडरचा डबा त्या रात्री माळ्यावर गेला आणि तिथेच आहे.

आता आत्या. माझ्या आत्याने स्वतःची पाच आणि भावकीतील वीस-पंचवीस बाळे न्हाऊमाखू घातली आहेत, आणि तिच्या हाताखाली बाळ ज्या निर्धास्तपणे पालथे पडते ते पाहून मला माझ्या पदवीची लाज वाटली. पण तिच्या गाठोड्यात मध होता, घुटीच्या काड्या होत्या, काजळाची डबी होती आणि ओव्याची धुरी द्यायला पितळी शेगडी होती. पत्नीने काही वाचून ठेवलेले असल्याने तिने नको म्हटले, आत्याचा चेहरा पडला, आणि घरात दोन दिवस भांड्यांचे आवाज वाढले. सातव्या दिवशी आशाताई आल्या तेव्हा आत्या बाळाला न्हाऊ घालायला बसली होती. कोणी शिकलेली बाई असती तर तिथेच व्याख्यान दिले असते. आशाताई पाटावर बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "आक्का, हात लई हलका हाय वो तुमचा." मग बोलता बोलता एकेक गोष्ट काढली. मालीश राहू दे, पण दूध पिल्याबरोबर नको आणि टाळूवर दाबून तेल नको. नाकाकानात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरते. आंघोळ दहा मिनिटांत आटपायची आणि लगेच कोरडे करून गुंडाळायचे. नाळेला हळद नको, तेल नको, राख नको, नुसती कोरडी ठेवायची, ती आपोआप पडते. धुरी आईच्या खोलीत नको, कारण बाळाची छाती तो धूर झेलू शकत नाही. काजळ डोळ्यात नको, हवे तर तळपायाला लावा, दृष्ट तिथूनही उतरते. मधाबद्दल मात्र त्या ठाम राहिल्या: वर्षाच्या आत मधाचे बोटसुद्धा नको, त्यात असणाऱ्या एका जंतूच्या बीजाने तान्ह्या बाळाला लकवा येऊ शकतो. 'लकवा' हा शब्द ऐकताच आत्याला माझ्या सासूबाई आठवल्या असाव्यात, आणि मधाची बाटली परत गाठोड्यात गेली. आळीवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, बाजरीची भाकरी, यातील एकालाही त्यांनी हात लावला नाही. उलट पत्नीला दोन भाकरी जास्त खायला सांगितल्या. आत्या जाताना मला म्हणाली, "पोरगी शिकलेली हाय, पर माणसात हाय."

हा भाग मी मुद्दाम लांबवून लिहिला, कारण माझ्या मते या सेवेचा खरा कस इथे लागतो. दवाखान्यातील सूचना घराच्या उंबऱ्याशी थांबतात. उंबऱ्याच्या आत आत्या, काकू, शेजारीण आणि त्यांचे प्रेम असते, आणि त्या प्रेमाशी वाद घालण्याचे बळ दोन रात्री न झोपलेल्या आईच्या अंगी नसते. तिथे गावातीलच, ओळखीची, त्याच बोलीत बोलणारी बाई लागते.

आशाताईंनी न खोडलेली गोष्ट म्हणजे कावीळ. पाचव्या दिवसापासून बाळाचा चेहरा पिवळसर दिसत होता. शेजारच्यांनी कोवळ्या उन्हात धरायला सांगितले आणि आम्ही दोन सकाळी तिला अंगणात उघडी धरली, थंडीत. सातव्या दिवशी आशाताईंनी तिला दाराशी उजेडात आणून कपाळ, छाती, मांडी आणि नडगीवर बोटाने दाबून सोडले. नडगीपर्यंत पिवळेपणा होता. तळहात आणि तळपाय मात्र पांढरे-गुलाबी होते. आदल्या दिवसापासून ती दुधालाही जरा मंद झाली होती. कावीळ बहुतेक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते आणि दोन आठवड्यांत जाते, पहिल्या चोवीस तासांतच दिसली किंवा तळव्यांपर्यंत पोचली तर ती धोक्याची, हे त्यांनी सांगितले. आणि तळवे पिवळे नसूनही, बाळ दुधाला मंद आहे म्हणून, आजच दाखवून या असेही सांगितले. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला नेण्या-आणण्यासाठी १०२ क्रमांकाची सरकारी गाडी विनामूल्य मिळते. ती त्यांनीच बोलावली, आणि आम्ही मिरजेच्या शासकीय रुग्णालयात गेलो. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचा दवाखाना सुरू केल्यापासून आमच्या भागातील माणूस आजारी पडला की पाय मिरजेकडेच वळतात, तसे आमचेही वळले.

रक्तात बिलिरुबिन, म्हणजे ज्यावरून कावीळ मोजतात तो पिवळा घटक, चौदा निघाला. सात दिवसांच्या, पूर्ण दिवसांच्या बाळाला तेवढ्यासाठी निळ्या दिव्याखाली ठेवायची गरज नाही, दर दोन तासांनी पाजा आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवा, असे डॉक्टरांनी सांगितले. उन्हात धरण्याबद्दल विचारले तर म्हणाले, त्याने कावीळ जात नाही आणि बाळ गार पडते ते वेगळेच. आमचा सगळा दिवस गेला. आता कोणी म्हणेल की आशाताईंनी विनाकारण धावपळ करायला लावली. मी तसे म्हणणार नाही. त्यांच्याकडे बोट आणि उजेड एवढीच साधने होती, आणि तेवढ्यावर घरी थांबा म्हणण्यापेक्षा जा म्हणणे हेच त्यांना शिकवलेले आहे. डॉक्टरांनीही 'आणलेत ते बरे केलेत' असेच म्हटले.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. स्प्रिंगचा काटा जुना झाला आहे; एकाच बैठकीत दोनदा तोलले तर पन्नास ग्रॅमचा फरक पडे. जिथे आठवड्याची वाढच दोनशे ग्रॅमची असते तिथे पन्नास ग्रॅम ही थोडी चूक नव्हे. चौदाव्या दिवशी वजन २,८०० भरले तेव्हा आम्ही पेढे वाटले, पण मनात शंका राहिलीच. एकविसाव्या दिवसाची भेट तेविसाव्या दिवशी झाली, कारण मधल्या आठवड्यात वरून एक सर्वेक्षण आले होते आणि आशाताई उंबरे मोजत फिरत होत्या. त्यांनी भेटीच्या छापील नमुन्यात (फॉर्ममध्ये) खरी तारीख लिहिली, याची मी नोंद करतो. नमुन्याविषयीही बोलले पाहिजे: प्रत्येक भेटीतील जवळजवळ तिसरा हिस्सा रकाने भरण्यात जातो, आणि त्या खाली मान घालून लिहीत असतात तेव्हा आईला जे विचारायचे असते ते राहून जाते.

याहून मोठी उणीव रकान्यांतच आहे. ताप आहे का, रक्तस्राव जास्त आहे का, स्रावाला वास आहे का, हे सर्व आईला विचारले जाते. झोप लागते का, रडू येते का, हे त्या नमुन्यात मला दिसले नाही. पत्नीला चौथ्या दिवसापासून कारण नसताना रडू येत होते. बाळ झोपले तरी ती जागी असे आणि 'मला हे जमणार नाही' एवढेच म्हणे. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात असे अनेकींना होते आणि ते दोन आठवड्यांत ओसरते. ओसरले नाही, वाढले किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर डॉक्टरांना दाखवावे लागते. हे आम्हाला आशाताईंनी सांगितले खरे, पण ते नमुन्यात होते म्हणून नव्हे. त्यांच्या धाकट्या जावेला तसे झाले होते म्हणून. ज्या आशाताईंच्या जावेला तसे झाले नसेल त्या विचारतीलच असे नाही.

आणि बाप. पहिल्या दोन भेटींत मी बराच वेळ दाराबाहेर उभा होतो. लाज राखायची म्हणून ते ठीकच होते, पण लंगोट, आंघोळ, गुंडाळणे, ढेकर काढणे, धोक्याची लक्षणे, यात बापाला बाहेर ठेवण्यासारखे काय आहे? चौदाव्या दिवशी मी स्वतःच आत जाऊन बसलो. आशाताई थोड्या अवघडल्या, मग म्हणाल्या, "बापानं पन उघड्या छातीवर घ्यावं असं आमाला शिकवलंय, पर मी आजवर एकाबी दादाला सांगितलं न्हाई." मी सदरा काढला. पत्नी तोंडाला पदर लावून हसली, बहुधा चौदा दिवसांत पहिल्यांदा. त्या दिवसापासून पहाटेचे तासभर बाळ माझ्याकडे असते आणि तेवढा वेळ पत्नीला सलग झोप मिळते. शक्य असेल तर आशाताईंनी पहिल्याच दिवशी बापाला आत बोलवावे, आणि बापांनीही बोलावण्याची वाट पाहू नये.

पैशांविषयी लिहायचे तर आमचा खर्च शून्य. आशाताईंनी चहाशिवाय काही घेतले नाही. बारशाला दिलेली साडीही आत्याच्या आग्रहाने घेतली. या सर्व भेटी पूर्ण केल्यावर त्यांना जो मोबदला मिळतो तो मी विचारला: एका बाळामागे २५० रुपये. एका भेटीचे नव्हे, सगळ्या मिळून. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंचा एका दिवसाचा दर २०० रुपये होता, आणि तो मला जास्त वाटला नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा जिनिव्हात गौरव केला, हे आशाताईंना ठाऊक होते. काटा बदलून मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला आहे, तेही ठाऊक होते.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी गरोदरपणातच उपकेंद्रात नाव नोंदवून माता व बाल संरक्षण कार्ड घ्यावे आणि प्रसूती दुसऱ्या गावी होणार असेल तर परत कधी येणार हे आशाताईंना आधी कळवावे; आमच्या गल्लीतील एक बाळ माहेरी गेले आणि इकडच्या व तिकडच्या यादीच्या मध्येच राहिले. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लशी खासगीत द्यायच्या असतील तरी त्यांची नोंद त्याच कार्डावर करून घ्यावी. प्रश्न लिहून ठेवावेत, कारण त्या समोर बसल्या की काहीही आठवत नाही. आणि भेटीच्या वेळी घरातील वडीलधारी बाई घरी असेल असे पाहावे. ती नसेल तर अर्धी भेट वाया जाते.

शहरातील पालकवर्गाला मी पाचपैकी तीन गुण देईन, रबराच्या बाहुलीसह. या सेवेला साडेचार. अर्धा गुण काट्याचा आणि न विचारलेल्या प्रश्नांचा कापला आहे. आशाताईंचा एकही कापलेला नाही.

बेचाळिसाव्या दिवशी झोळीत मुलगी ३,६५० भरली. दोनदा तोलले, दोन्ही वेळा तेवढेच आले. नमुन्यावर पत्नीने सही केली, आणि कुटुंबातील आणखी कोणाची सही लागते का म्हणून मी विचारले तर आशाताई म्हणाल्या, लागत नाही, पण करा. समासात जागा होती, तिथे केली. तिसऱ्या महिन्यात पुन्हा येईन म्हणाल्या आहेत.